दोन वर्षांचा रॉकस्टार

बँडचा विषय निघाला की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि म्हणायचा, "दोनच वर्षं रे. सोड ना यार."

लोक सोडत नसत. अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसून टेस्टिंग करायचा. नागपूरहून इथे शिकायला आला आणि तीन अमेरिकन पोरांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागला. एक अल्बम, खटारा व्हॅनमधून एक दौरा, एक गाणं काही आठवडे रेडिओवर. मग गायकाचं आणि गिटारवाल्याचं बिनसलं, बँड मोडला. एवढंच करिअर! मी सातव्या वर्षापासून हार्मोनियम वाजवतोय, पण माझी बायकोसुद्धा त्याची ओळख "आमचे रॉकस्टार" अशी करून द्यायची. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मंडळाच्या गणपतीचं वेळापत्रक माझ्या हातात होतं. जेवणाची घोषणा झाली की स्टेजवर कोणी का असेना, हॉल रिकामा होतो. तुम्हीही पाहिलं असेलच. म्हणून त्या वेळेला आम्ही भाषणं ठेवतो. त्या वर्षी मी तिथे त्याला ठेवलं. त्याच्या आधी, भरल्या हॉलसमोर, माझा यमन.

घोषणा झाली, मसालेभाताचा वास आला आणि त्याच्यासमोर उरल्या फक्त दोन काकू. त्यांची ताटं जागेवर येणार होती. मी ताट घेऊन दाराशी थांबलो, त्याचा उतरलेला चेहरा बघायला.

त्याने कीबोर्ड उचलून स्टेजच्या कडेला, त्यांच्याजवळ आणला. "काकू, आमच्या बँडचं एक गाणं वाजवू?"

"वाजव की बाळा."

त्याने ते सबंध वाजवलं. एकही सूर घाईत टाकला नाही.

नंतर मी म्हणालो, "सॉरी यार, मधेच जेवण आलं."

"अरे, आमच्या लास्ट शोला चार जण होते, त्यातला एक बारवाला!" तो हसला. "पण तू यमनात तीव्र मध्यमावर थांबलास ना, जबरी होतं. मी स्टेजमागून सगळं ऐकलं."

त्या मध्यमावर मी थांबलो होतो हे हॉलमधल्या एकालाही कळलं नव्हतं. जेवणाची वेळ मीच मुद्दाम दिली होती, हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट आणखीच जळलो.

हिवाळ्यात तो नोकरी बदलून टेक्सासला गेला.

यंदा मी पुन्हा वाजवलं. हॉल भरलेला होता, टाळ्याही पडल्या. हार्मोनियम उचलून मी घाईघाईने स्टेजमागे गेलो. तिथे कोणी नव्हतं.