पोरानं मिशीही काढली

गेल्या गुरुवारी सकाळी दोनेक तास मी वारलो होतो... आणि मला पत्ताच नव्हता. मी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, माझ्या कारखान्यात एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर उभा होतो.

झालं असं, आमच्या हर्षलच्या कॉलेजात 'डेज' चालू आहेत. गुरुवारी होता क्रेझी हेअर डे. साहेबांनी ठरवलं, डोकं सफाचट करायचं, मागे फक्त शेंडी ठेवायची आणि तिला तार, लोकर, लुकलुकणारे लाईट लावून अँटेनासारखी दोन फूट उभी करायची! मला रीतसर विचारलं होतं. मी म्हटलं, कर बाबा... त्याच्या वयात मी बमरोलीत लूम चालवत होतो, केस विंचरायलाही सवड नसायची.

सकाळी सलूनमध्ये डोकं उतरलं. मग कारागीर म्हणाला, आता एकटी मिशी बरी नाही दिसत. तीही गेली. अंगावर सलूनचं पांढरं कापड, हलू नको सांगितल्यामुळे चेहरा गंभीर... असा समोरून फोटो काढून पठ्ठ्याने स्टेटसला टाकला आणि कॉलेजला निघून गेला. शेंडी राहिली मागे, ती फोटोत कुठून दिसणार!

हा फोटो अमळनेरकडच्या आमच्या गावात काय दिसला असेल, बघा. नुसतं डोकं असतं तर देवाला गेला असेल म्हणाले असते. पण मिशी? आमच्याकडे बाप असेपर्यंत पोरगा मिशीला वस्तरा लावत नाही.

गावाने मला फोन लावले. फोन ऑफिसात चार्जिंगला. हर्षलला लावला, तर तो स्टेजमागे शेंडी उभी करत होता, त्याने कट केला. लोक म्हणाले, पोरगा बोलायच्या अवस्थेत नाही. आणि बायकोला फोन करायची कोणाची छातीच झाली नाही... झालं, पक्कं!

अकराच्या चहाला बाहेर आलो तर सतरा मिस्ड कॉल. चुलतभावाला, नानाला फोन लावला.

"हां नाना, बोल."

पलीकडे नुसता चालत्या गाडीचा आवाज. मग, "कोन बोलतंय?"

"अरे मी!"

"मी म्हंजे कोन?"

"माझ्या फोनवरून दुसरं कोण बोलेल? डोकं फिरलंय का तुझं?"

मशीनच्या आवाजावरून धागा कुठे तुटला ते मला कळतं. नानाच्या मागे एक बाई रडत होती, ती हुंदका अर्धा ठेवून गप्प झाली, तेही ऐकू आलं... आणि नाना ओरडला, "गाडी थांबव रे! भाऊ जित्ता शे!"

मग ज्या शिव्या दिल्या त्याने! दोन बोलेरो भरून माणसं माझ्या मातीला निघून धुळ्यापर्यंत आली होती, ऐन कापूस वेचणीत. तो रडत शिव्या देतोय, मी हसतोय... आणि हसता हसता एकदम माय आठवली.

"नाना, मायला सांगितलं?"

"नाही रे. पक्कं कळल्याशिवाय सांगू नका म्हटलं, शेजारीण बसवलीय तिच्याजवळ. पण भाऊ... म्हातारीला काय समजत नाही का?"

माय पंचाहत्तरीची. मागल्या वर्षीच हार्टचं दुखणं काढलंय. लगेच तिला फोन लावला.

"माय, मी."

आणि मग रोजचंच विचारलं.

"माय, जेवलीस का?"

"सकायपासून शेजारीन चहाच पाजी राहिनी," ती हळू आवाजात म्हणाली. "चूल पेटाडू देत नहीत. बाया येतीस, बठतीस... माले कोनी काही सांगत नही."

"मग विचारायचं ना, माय."

"मी बी इचारं नही."

एवढंच. तिने कोणालाच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कोणाला तरी सांगावं लागलं असतं...

मी तिला सगळं सांगितलं. टक्कल, मिशी, शेंडी, शेंडीवरचे लाईट. नातवाला "मुडदा" म्हणाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता ठेवू का म्हटलं, तर म्हणाली, "ठेवू नको. बोलत ऱ्हाय." चहा गार झाला. काय काय बोललो आठवत नाही, पावसापाण्याचं, मशीनचं... नुसतं बोलत राहिलो.

संध्याकाळी हर्षल पहिला नंबर घेऊन आला. घडलेलं ऐकल्यावर कोपऱ्यात बसून रडला, डोक्यावर लाईट लुकलुकतच होते. रागवायचं ठरवलं होतं, पण त्या अवताराकडे बघून जमलंच नाही.

रविवारी तिघेही गावी निघतोय. मायचा हुकूम आहे, त्या टकल्याला घेऊन ये, पण गावात शिरताना तू पुढे चाल.

चालतो, माय. तुझ्या कृपेने चालतोय.