एक-शून्य-एक

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत, आणि हे नाव भित्र्या भागूबाईवरूनच पडलंय हे तिलाही ठाऊक होतं. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप दोनदा ओढायचं, अर्ध्या जिन्यातून परत वर यायचं. दवाखान्याच्या वेबसाइटवरचे फॉर्म ती तयार करायची. "तुझ्या हातून चूक झाली तरी कोणी मरत नाही," असं नवरा म्हणायचा, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर तिची नोकरी चालली होती.

दवाखान्यात उजवीकडून डावीकडे लिहिणारे पेशंट पुष्कळ. औषधं मागवायच्या फॉर्ममध्ये ते आपल्या लिपीत लिहायला गेले की अक्षरं डाव्या कडेला जाऊन चिकटायची, कर्सर भलतीकडेच उडी मारायचा. कंटाळून लोक रांगेत येऊन उभे राहत. त्यांची बाजू मांडायला होते खिळेकाका. उभा जन्म छापखान्यात त्या लिपीचे खिळे जुळवण्यात गेलेला, आता उतारवयात दवाखान्यात दुभाष्याचं काम.

"पोरी, आमचा रकाना उजवीकडून सुरू कर," ते रोज म्हणायचे. "मरायच्या आधी एकदा आपल्या अक्षरात फॉर्म भरू दे."

तिने भीतभीतच केला. एकाच रकान्यात औषधाचं नाव आणि पुढे डोस: सकाळी किती, दुपारी किती, संध्याकाळी किती. तीन दिवस तपासला. काकांनी सांगितलेलं नाव टाकायचं, पुढे एक-शून्य-एक. सगळं जागच्या जागी. पुन्हा नाव, पुन्हा एक-शून्य-एक. गॅसचं बटण बघावं तसं तिने ते तीस वेळा बघितलं, आणि सोमवारी सकाळी फॉर्म सुरू झाला.

दुपारी साडेचारला औषधांच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टचा फोन आला. औषधांची नावं ओळखण्यापुरती ती लिपी त्याला येत होती. आकडे मात्र तो आपला डावीकडूनच वाचायचा.

"ताई, साखरेच्या गोळ्या सकाळी एक आणि संध्याकाळी दोन? एरवी उलटं असतं. मी लेबल लावून दुपारीच पाठवल्या, पण मनात पाल चुकचुकली."

तिने अर्ज उघडला. एक-शून्य-दोन. तिने शेजारच्या टेबलावरच्या काकांना हाक मारली.

"सकाळी दोन, संध्याकाळी एक," काकांनी उजवीकडून वाचलं. "बरोबर आहे की."

दोघं एकाच ओळीकडे बघत होती. त्या अक्षरांपाठोपाठ आले की आकडेही उजवीकडून मांडले जात होते. एक-शून्य-एक दोन्हीकडून सारखंच, म्हणून तीस वेळा बघूनही तिला काही दिसलं नव्हतं. तिने आधी फॉर्म बंद केला. मग सकाळपासूनचे अकराही अर्ज चाळले. बाकी दहा दोन्हीकडून सारखेच निघाले.

"हा एकच आहे, काका. कोणाचा बघते."

काका खुर्चीत बसले होते. तोंडावरचा रंग पार उडाला होता.

"बघू नकोस. माझाच आहे. हिच्यासाठी भरला. सकाळी सगळ्यांत पहिला." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पाचला घेते ती. गेल्या महिन्यात साखर उतरून स्वयंपाकघरात पडली होती."

पाचला अठरा मिनिटं होती. फोनची घंटा नुसती वाजत राहिली. दुपारी ती कानातलं मशीन काढून ठेवते, काका म्हणाले, आणि खिशातून घराची किल्ली काढून गुडघे धरून उठायला लागले. भागूबाईने त्यांच्या हातातली किल्ली घेतली, पत्ता विचारला आणि धावत सुटली.

दोन गल्ल्या, एक चौक. तिने गाड्यांकडे बघितलं नाही, चप्पल तुटली ती तिथेच सोडली. आपण माणूस मारलं, आपण माणूस मारलं, एवढंच डोक्यात. तिसरा मजला. किल्ली दोनदा खाली पडली. कुलूप एकदाचं उघडलं.

म्हातारी ओट्याशी पाठमोरी उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या. भागूबाईने तिचं मनगटच धरलं. पेला पडला, गोळ्या ओट्यावर घरंगळल्या.

"अगं बाई! कोण तू?"

"मी... फॉर्म... तो फॉर्म मी केलाय, मावशी."

मावशीने ओट्यावरचं मशीन कानात घातलं आणि तिला पुन्हा बोलायला लावलं. मग तिचा चेहरा उजळला.

"तू होय ती! सकाळी हे किती खूश होते म्हणून सांगू. मला जवळ बसवून घेतलं आणि आपल्या अक्षरात लिहून दाखवलं. आज दोन गोळ्या बघून मला जरा नवल वाटलं होतं, पण म्हटलं, यांनी स्वतः भरलंय, चूक कशी असेल?" आणि तिने भागूबाईचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले. "फार चांगलं काम केलंस गं पोरी."

जिन्यात काकांची पावलं वाजत होती, एक एक पायरी थांबत.