ढोल थांबला ती जागा

भुताखेतांच्या गोष्टी मी चवीने वाचते आणि वाचून झाल्या की दिवा मालवून शांत झोपते. असलं काही माझ्या वाट्याला येईल, तेही लख्ख उन्हात, मोबाइलवरच्या एका खेळात... हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते.

मी बोईसरला राहते. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. शेजारच्या टेबलावर निशा असते. ती चिंचणीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिला छंद एकच – ढोलाच्या एका गेमसाठी लेव्हल रचण्याचा. पडद्यावर वरून ठिपके घरंगळत येतात. खालच्या वर्तुळात ठिपका शिरला की नेमकं तेव्हाच बोट टेकवायचं. चुकलात तर ढोल मुका. कुठला ठिपका कुठल्या मात्रेवर उतरावा, हे रचणारा ठरवतो.

निशाच्या दोन लेव्हल परीक्षकांनी परत पाठवल्या होत्या. ‘ठिपके अचूक आहेत, पण जीव नाही.’ तिसरी परत आली तर हा नाद कायमचा सोडायचा, असं तिने ठरवलं होतं.

“तू कविता वाचतेस, ठेका तुला कळतो. अभिप्राय दे,” ती म्हणाली. “गोड गोड लिहू नकोस पण.”

तिने पाठवलेल्या फाइलचं नाव नुसतं ‘चाचणी’ होतं. रविवारी सकाळी गॅलरीत, कोवळ्या उन्हात बसून मी खेळू लागले. तिसऱ्या भागात ढोल चढत गेला, चढत गेला – आणि थांबला. ठिपका नाही, आवाज नाही. माझी दोन्ही बोटं हवेत तरंगत राहिली. त्या शांततेत ओल्या हळदीचा वास आला. गार, किंचित कडवट. मग दोन ठिपके एकदम कोसळले आणि मी एकटीच हसू लागले. इतका आनंद का व्हावा, ते कळेना.

मी लिहिलं, ‘सुरुवातीला डाव्या हाताला कामच नाही. दुसऱ्या भागात ठिपके दाटीने येतात, बोटं अडखळतात. पण तिसऱ्या भागात तू सगळं थांबवलंस, त्या जागेला हात लावू नकोस. तिथे हळदीचा वास येतो.’

लगेच फोन आला. “थांबवलंय कुठे मी? थट्टा करतेस का, कविताबाई?”

मी पुन्हा खेळून पाहिलं. ठिपक्यामागे ठिपका. मोकळी जागा कुठेच नव्हती.

दुपारी मी चिंचणी गाठली. अंगणात निशाची आई, म्हणजे माझ्या मावशी, सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. निशाने लॅपटॉपवर लेव्हल लावली. “हा माझ्या काकांचा ढोल. दादाच्या हळदीत रेकॉर्ड केलेला.” मी त्या लग्नाला गेले नव्हते; हा ढोल हळदीचा, हे मला तेव्हाच कळलं.

मावशींनी कान दिला. “आवतणाचा थांबा कुठं गेला गो यातला?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हळदीला आमी गेलेल्या माणसांना आवतण देतो. नावं घेतो तवा ढोल गप र्‍हातो. तेंना आत यायला वाट नको?”

निशा खाली पाहत म्हणाली, “कापला मी. लेव्हल रचायच्या आधीच. मोकळी जागा आली की खेळणाऱ्यांना वाटतं, फोन हँग झाला. शिवाय... तिथे बाबांचं नाव घेतलंय. परक्यांनी त्यावर बोटं का आपटावीत?”

“आपटू दे. नाचणारा माणूस व्हता तो, रागावतो काय?” मावशी माझ्याकडे बघून हसल्या. “आला असंल हिच्याकडं. ढोल वाजला का त्याला दम निघायचा नाय.”

निशाही हसली, ओल्या डोळ्यांनी. नावं तिने स्वतःजवळच ठेवली. तेवढ्या लांबीची शांतता मात्र परत जागेवर बसवली आणि लेव्हल पाठवून दिली.

आम्ही प्रयोगशाळेत असताना उत्तर आलं, ‘तिसऱ्या भागात बिघाड दिसतो. मोकळी जागा भरा, लेव्हल घेऊ.’

निशाने हातमोजे काढून टाइप केलं, ‘बिघाड नाही. तिथे आमची माणसं येतात. जागा भरणार नाही. नको असेल तर परत पाठवा.’

“अगं, इतकं कडक? शेवटची संधी तुझी,” मी म्हटलं.

“अभिप्रायाला उत्तर दिलंय. भांडण नाय केलं.”

दोन दिवस ती सारखी फोन उघडून पाहत होती. मग परीक्षकाचा निरोप आला : ‘पुन्हा खेळून पाहिलं. जागा राहू द्या. लेव्हल घेतली आहे.’ त्या संध्याकाळी चिंचणीच्या अंगणात मावशी स्वतः खेळल्या. एकूण एक ठिपका चुकला. पण ढोल थांबला तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर उचलले आणि तो पुन्हा वाजेपर्यंत तशाच डुलत राहिल्या.

पहिली फाइल माझ्या फोनमध्ये अजून आहे. जुनी आवृत्ती, सदोष फोन, माझ्या कानांचा भास – सगळे तर्क करून झाले. ती फाइल मी कितीदा तरी खेळले... त्या सकाळनंतर ती एकदाही थांबली नाही.