एअरपोर्टवर विसरलेलं जानवं

"अरे, तुझं जानवं कुठंय?"

बुडापेस्टला, जुन्या थर्मल बाथच्या गरम कुंडात, छातीएवढ्या पाण्यात मंदारनं मला विचारलं. अमेरिकेतल्या नोव्हायहून आम्ही तीन मराठी कुटुंबं फिरायला गेलो होतो. मंदार ऑफिसातला, नऊ वर्षांचा मित्र. त्याच्या खांद्याला ओला दोरा चिकटला होता. माझा खांदा मोकळा. माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून त्यानं मला केव्हाच आपल्यात धरलं होतं, आणि मी धरू दिलं होतं.

"सिक्युरिटीला काढलं. एअरपोर्टवरच राहिलं."

"सुती दोऱ्यानं मशीन वाजलं की काय?" तो हसला. "मला वाटलं, भलत्याच कुणाबरोबर पाण्यात उतरलो."

मीही हसलो.

माझी चौदा वर्षांची मुलगी काठावर पाय सोडून बसली होती. "बाबा, व्हॉट्स जानवं?"

"काही नाही," मी म्हणालो.

भिंतीतल्या दगडी सिंहाच्या तोंडातून पाण्याची धार पडत होती. लोक हौसेनं तिच्याखाली उभे राहत होते. मीही गेलो, आणि मला आई दिसली. गावच्या विहिरीपाशी ती अशीच खाली उभी राहायची, घागर पुढे करून. वरून कुणी ओतलं तर पाणी. मी तिचा पदर धरून उभा.

आणखी तीन दिवस आम्ही त्या शहरात होतो. पूल, राजवाडा, नदीतली बोट. फोटोंत मी सगळीकडे हसतोय. मला त्यातलं काहीच आठवत नाही. घरी परतल्यावर रोज सकाळी शॉवर सुरू केला की आई खाली उभी असायची. हॉलमधली निळ्या कोटातली तसबीर पाहुणे येणार असले की मी कपाटात ठेवायचो. तेही ती बघत असणार.

ऑगस्टमध्ये मंदारच्या बेसमेंटमध्ये पॉटलक होतं, प्रत्येकानं एक पदार्थ आणलेला. टीव्हीवर ट्रिपचे फोटो लावलेले. कुंडातला फोटो आला.

"हा बघा, जानवं एअरपोर्टवर विसरलेला माणूस," मंदार म्हणाला. सगळे हसले.

पुण्याहून आलेल्या त्याच्या आई, आमच्या काकू, उठून आत गेल्या. नवं जानवं आणून माझ्या तळहातावर ठेवलं. "असू दे रे. परवा श्रावणी आहे, हे घाल. मी घरून जास्तीची आणलीत."

प्रेमानंच म्हणाल्या. मूठ मिटली असती तर निभावलं असतं. पण समोर मुलगी होती. माझ्या हाताकडे बघत होती.

"काकू, मी विसरलो नव्हतो. खोटं बोललो. आमच्यात जानवं नसतं. माझ्या आईला गावात विहिरीला हात लावू देत नव्हते."

टीव्हीवर फोटो सरकत राहिले. मंदार म्हणाला, "मग आधी सांगायचं ना यार. आम्ही कुठं असलं मानतो?"

काकूंनी जानवं परत घेतलं. दोन बोटांनी, टोकाला धरून. माझ्या हाताला बोट लागू दिलं नाही.

गाडीत मुलीला सगळं सांगितलं. विहीर, घागर, माझं हसणं. तिनं एवढंच विचारलं, "व्हाय डिड यू लाफ, बाबा?"

घरी पोचल्यावर मी हातोडा आणि खिळा शोधला.

तसबीर आता दारासमोर आहे. दार उघडलं की आधी तीच दिसते. आई अजून येते, धारेखाली उभी राहते. तिनं माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाही. मंदार एक बरोबर बोलला. आधी सांगायचं. यापुढे पाण्यात उतरण्याआधीच सांगेन. ज्याला बाहेर पडायचं त्यानं पडावं. मी पाण्यातून निघणार नाही.