दीडशे रंगीत पानं

बुधवार, सकाळचे साडेअकरा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयासमोरचं पटांगण. बारा वाजता ग्रामसभा. चौलच्या बाजूने एक टेम्पो आला, माझ्यासमोर थांबला आणि दोन माणसांनी त्यातून एक भलामोठा टोप खाली उतरवला. झाकणाच्या फटीतून वाफ येत होती.

मी दीडशे कागदांची वाट बघत होतो.

हा मूर्खपणा मी स्वतःच लिहून काढतोय, कारण गावात तो सतरा तऱ्हांनी सांगितला जातो आणि सतराही चुकीच्या आहेत. चौतीस वर्षं बातमीदारी केली, लोकांच्या चुका पहिल्या पानावर छापल्या. मग स्वतःची एक छापायला लाज कसली? गावाचं नाव तेवढं लिहीत नाही. अलिबागहून काशीदकडे जाताना लागतं, एवढं पुरे. खुलासे छापण्याची हौस आता राहिलेली नाही.

मूळ भानगड पाण्याची. आमच्या गावामागून एक वहाळ वाहत येतो आणि पुळणीवरून समुद्राला मिळतो. गेले काही दिवस ओहोटी लागली की त्याचं पाणी लाल दिसायचं. मातीने गढूळ होतं तसं नव्हे. नव्या कापडाचा रंग सुटावा तसं. काठावरच्या दोन विहिरींचं पाणी अर्धा गाव पितो. मी मोबाईलवर फोटो काढला आणि मागच्या ग्रामसभेत त्याच्या झेरॉक्स वाटल्या.

झेरॉक्स काळीपांढरी. ग्रामसेवकाने कागद उभा धरला, आडवा धरला.

"काका, हे पाणी आहे."

"पाणीच आहे. लाल आहे."

"यात लाल कुठाय?"

सभा हसली. हसायला होती किती माणसं म्हणा! अठरा. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि माझा लाल रंगही तहकूब झाला. मी तिथल्या तिथे ठरवलं, पुढच्या सभेत प्रत्येकाच्या हातात रंगीत फोटो देणार. मग बघू कोण विचारतो लाल कुठाय.

सभेच्या दोन दिवस आधी, सोमवारी, अलिबागला गेलो. घरी स्वस्तातला रंगीत प्रिंटर घेऊन टाकायचा. माझी बायको शैला घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. तिचं दरपत्रकही त्याच्यावर छापता येईल, असं तिला पटवलं. वहीत तीन रकाने आखले. यंत्राची किंमत, शाईची किंमत आणि पानामागे खर्च. खरा प्रश्न तिसऱ्या रकान्याचा. प्रश्न नेमका विचारला की उत्तर नेमकं मिळतं, असं बातमीदाराला वाटत असतं. चौतीस वर्षांत एकदाही मिळालं नाही, पण सवय जात नाही.

पहिल्या दुकानात कार्ट्रिजवाला प्रिंटर. इतका स्वस्त की मला संशय आला. शाईची डबी केवढ्याला, विचारलं, तर दुकानदार काउंटरकडे बघत किंमत बोलला. दोन-तीन डब्या घेतल्या की यंत्राएवढे पैसे झाले. म्हणजे हे शाई विकतात आणि वर यंत्र देतात! तो म्हणाला, महिन्याला चार पानं काढणाऱ्याला हाच बरा. आणि लगेच म्हणाला, फार दिवस पडून राहू देऊ नका, शाई सुकते. म्हणजे कमी काढणाऱ्यासाठी चांगला, पण कमी काढलं तर सुकतो. मी हे वहीत लिहिलं आणि दोनदा वाचलं.

दुसऱ्या दुकानात टाकीवाला. पंधरा हजारांच्या घरात. समोर चार छोट्या टाक्या. काळी, निळी, गुलाबी, पिवळी.

"यात लाल कुठाय?" आता हा प्रश्न मी विचारत होतो.

"लाल नसतो काका. गुलाबी आणि पिवळा मिळून लाल होतो."

माझं सगळं भांडण लाल रंगाचं आणि यंत्रात लाल नाही! पानामागे खर्च विचारला. म्हणाला, हा पैशांत पडतो. काळं पान वीस-तीस पैशांत, रंगीत त्याहून जास्त, फोटो असला तर आणखी जास्त. किती जास्त? ते फोटोवर आहे. हे असलं उत्तर मी मंत्र्यांकडून ऐकलेलं आहे, प्रिंटरकडून पहिल्यांदाच.

तिसऱ्या दुकानात रंगीत लेझर. त्यात शाई नाही, पूड. पूड सुकत नाही आणि कागद गरमागरम बाहेर येतो. कचेरीला उत्तम. किंमत ऐकून मी वही मिटली. तरी विचारलं, फोटो कसा येतो? म्हणाला, फोटोला टाकीवाला बरा. मग टाकीवालाच घेऊ? रोज काढणार असाल तर घ्या. आणि रोज नाही काढलं तर? तर कार्ट्रिजवाला.

मी मनाने पुन्हा पहिल्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. शरीराने एसटीत बसलो आणि रिकाम्या हाताने घरी आलो. डोक्यात फक्त पान, पैसे, पैसे, पान.

शैला म्हणाली, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, कोणाच्या तरी घरी प्रिंटर असेलच. मजकूरही तिनेच सांगितला, 'कलर प्रिंटआऊट काढून मिळतील का?'

मी भडकलो. मराठी माणसांचा ग्रुप, मराठी गाव, आणि प्रिंटआऊट? आयुष्यभर ज्याला आम्ही पान म्हटलं त्याला पान म्हणायला लाज वाटते का? मी स्वतः लिहिलं: 'बुधवारच्या ग्रामसभेसाठी दीडशे रंगीत पानं हवी आहेत. घरगुती चालेल. पानामागे दर कळवा.'

आहे का एक शब्द इकडचा तिकडे? स्वच्छ मराठी.

पाच मिनिटांत ग्रुप जागा झाला. हात जोडलेले, अंगठे, फुलं. एकाने लिहिलं, 'काका, नक्की येतो.' दुसऱ्याने विचारलं, पोरांना आणलं तर चालेल का? मी लिहिलं, 'अवश्य आणा. पुढच्या पिढीला कळलं पाहिजे.' त्यावर आणखी तीस अंगठे आले. मागच्या सभेला अठरा माणसं आणि आज ही जागृती! शैलाला मोबाईल दाखवला. ती म्हणाली, "एवढी माणसं फोटो बघायला येतायत?" मी म्हटलं, तुझा लोकांवर विश्वासच नाही.

थोड्या वेळाने फोन आला. "काका, मी रमाकांत बोलतो, चौलवरशी. त्या पानांचा वाचला. करून देतो."

कोणाच्या तरी मेव्हण्याने त्याला माझा मजकूर पाठवला होता. माणूस कामाचा वाटला. दुकानदारांसारखी टोलवाटोलवी नाही, एकेक मुद्दा नेमका.

"सगळी रंगीतच ना? का थोडी साधी ठेवू? सगल्यांना रंगीत चालत न्हाय."

मला फायलीला लावायला काळ्यापांढऱ्या प्रती हव्याच होत्या. "वीस साधी ठेवा. बाकी रंगीत."

"एका बाजूनी बसवू का दोन्ही बाजूंनी?"

"एकाच बाजूने. मागची बाजू कोरी राहू दे."

"व्हय, वावरायला बरा परतं. कागद तुमचा का आमचा?"

"तुमचाच. पण जाड आणा. ओल्या हाताने धरला तर फाटता कामा नये."

"त्याची नका कालजी करू. आनि काका, रंगीत म्हंजे कसा पायजे तुमाला?"

इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, हे बघा रमाकांत, बाकी काहीही होऊ दे, लाल उठून आला पाहिजे. मागच्या वेळी सगळं फिकं झालं आणि सभेत माझं हसं झालं. लाल फिका पडला तर मी एक पैसा देणार नाही.

"लाल ना? लाल आपला हातखंडा हाय."

"थांबा, फोटोच पाठवतो. हुबेहूब असा रंग पाहिजे."

वहाळाचा फोटो पाठवला. त्याने तो तिथल्या तिथे उघडून बघितला. मग म्हणाला, "एवढा लाल? बरा. तुमी सांगता तर करतो."

मग पानामागे दर. माझा तिसरा रकाना.

"तुमच्यासाठी एकशेवीस."

दिवसभर माझ्या डोक्यात पैसे घोळत होते. एकशेवीस पैसे म्हणजे एक रुपया वीस पैसे. दुकानात एका रंगीत पानाला दहा रुपये घेतात! तरी मी घासाघीस केली; बातमीदाराने पहिला आकडा मान्य करायचा नसतो. नव्वद म्हटलं. तो म्हणाला, नव्वदमध्ये घरगुती होत नाही. शेवटी शंभरावर तुटलं. पानाला रोख एक रुपया. मी वही उघडली, तिसऱ्या रकान्यात 'शंभर' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"साडेअकराला येतो," तो म्हणाला. "थितंच गरमागरम काढून देतो."

गरमागरम निघतात म्हणजे लेझर! मी ताडलं आणि समाधानाने झोपलो.

तर बुधवार, साडेअकरा, टेम्पो, टोप. टोपामागून दुसरा टोप, मग भाताचं पातेलं, मग भाकऱ्यांच्या टोपल्या. शेवटी जाड पांढऱ्या कागदाचा एक गुंडाळा, पंगतीखाली अंथरायचा. रमाकांत उतरला, खांद्यावर पंचा, आणि आधी माझ्या पाया पडला. पटांगणात एव्हाना पावणेदोनशे माणसं होती. बायका, पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. बुधवार असल्यामुळे कोणाचा वारही आडवा येत नव्हता.

"प्रिंटर कुठाय?" मी विचारलं. बघा, गरज पडली तेव्हा इंग्रजी शब्द कसा सुळकन बाहेर आला!

"कोन पिंट्या?" रमाकांतने टेम्पोकडे बघितलं. "माज्यासंगती दोघंच हायत."

मी त्याला पानांचं विचारलं. त्याने झाकण उघडलं.

असा लाल रंग मी मटणाच्या रश्शाला कधी बघितला नव्हता. कडेने तवंग, मध्ये गडद, उन्हात चमकणारा. रमाकांतने खिशातून मोबाईल काढला, माझा फोटो उघडला आणि टोपाशेजारी धरला.

"बगा काका. हाय का फरक?"

नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पान या शब्दाचा दुसरा अर्थ उतरला. पंगतीतलं पान. रंगीत पान म्हणजे मटणाचं, आणि वीस साधी म्हणजे वांग्याबटाट्याची. शंभर म्हणजे शंभर रुपये. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण एक बाई पोरगं कडेवर घेऊन समोर आली. म्हणाली, काका, तुम्ही गावाला बोलावलंत, बरं वाटलं. आता तुम्हीच सांगा, मी काय सांगणार होतो? की बाई, मी तुला कागद देणार होतो?

पंगत बसली. एकाच बाजूने, मी सांगितलं होतं तशी.

ग्रामसेवक रजिस्टर घेऊन पंगतीतून फिरला, सह्या घेतल्या आणि गणपूर्ती झाल्याचं जाहीर केलं. गेल्या कित्येक सभांत ती झाली नव्हती. मी म्हटलं, निदान एवढं तरी साधलं. आता माणसं आहेत, मी आहे, मोबाईलवर फोटो आहे. उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, जेवता जेवता एक गोष्ट बघा, हे आपल्या वहाळाचं पाणी आहे. आणि पंगतीच्या सुरुवातीला बसलेल्या नानांच्या हातात मोबाईल दिला.

नाना ऐंशीच्या पुढचे, गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी मोबाईल बघितला. मग वाटी बघितली. मग पुन्हा मोबाईल.

"रश्शाचा फोटू ना ह्यो?"

"नाना, पाणी आहे ते."

"पानी जरा जास्तच झालाय, पन चव हाय."

वाढता वाढता रमाकांत अभिमानाने म्हणाला, "फोटूवरनंच केलाय ओ नाना. काकांनी रंग धाडला होता."

पुढे मोबाईल हातोहात गेला. पंगतीच्या शेवटपर्यंत सगळ्यांनी तो बघितला आणि सगळ्यांनी मान डोलावली. परत आला तेव्हा काचेवर लाल बोटं उमटली होती. ग्रामसेवक हात धुऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, आज दिसला लाल."

दीडशे पानांचे पंधरा हजार झाले. वरची पंचवीस-तीस रमाकांतने धरली नाहीत. संध्याकाळी मी वही उघडून तिन्ही रकाने पुन्हा वाचले. पंधरा हजारांत टाकीवाला घरी आला असता. शैला शेजारी बसली होती. म्हणाली, "जाऊ दे हो. प्रिंटआऊट लिहिलं असतंत तर पावणेदोनशे माणसं उपाशी राहिली असती."

दोन दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मागून घेतली. काळीपांढरीच मिळाली. त्यात लिहिलंय, 'ज्येष्ठ पत्रकारांनी ग्रामस्थांना स्वखर्चाने भोजन दिल्याबद्दल आभाराचा ठराव सर्वानुमते मंजूर.' वहाळाचा विषय सातवा होता. त्याच्यापुढे लिहिलंय, 'वेळेअभावी पुढील सभेत.'

आज पहाटे ओहोटीला जाऊन आलो. पाणी लाल आहे. कुठून येतं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.