उतारावरचा दोर

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावरून कातकरी वाडी दिसते, पण तिथे पोचेपर्यंत दम लागतो. श्रीवर्धनहून येणारी सडक खाडीच्या कडेने जाते आणि वाडी वर, टेकाडावर. मधे जांभ्याचा उतार. घरं वर, विहीर खाली. मी इथे नर्स म्हणून आले तेव्हापासून त्या उतारावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधत होते. कोणाचं मनगट, कोणाचं कपाळ. मलमपट्टी करायची, इंजेक्शन द्यायचं, "जपून चाला हो" म्हणायचं आणि पुढच्या घरी जायचं.

मग आये पडली.

वाडीतले लहानथोर तिला आयेच म्हणत. खाडीच्या चिखलातून चिंबोऱ्या-खेकडे काढून बाजारात विकण्यात तिचा जन्म गेला होता. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. दिवाळी झाली की वाडीतली धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात, पोराबाळांसकट. मागे उरतात म्हातारी. आयेचा मुलगा आणि सूनही गेलेले होते. सकाळी पाण्याचा हंडा घेऊन वर येताना तिचा पाय सटकला आणि ती कमरेवर आपटली. उन्हं चढेपर्यंत तशीच पडून होती. शेजारी राहणारा तिचा म्हातारा दीर शोधत आला, पण त्याच्याने तिला उचलवेना. त्याने उतारावरून हाळ्या मारल्या. खाली खाडीकाठी मुसलमान मोहल्ल्यातले मच्छीमार जाळी दुरुस्त करत होते. ते धावत वर आले आणि होडीतल्या फळीवर घालून तिला सडकेपर्यंत घेऊन आले.

मी पोचले तेव्हा ती फळीवर डोळे मिटून पडली होती. रडत नव्हती.

"बाय, माजं सपलं," ती म्हणाली. "म्हातारं मानूस पडलं की उठत न्हाय."

वाडीत सगळे हेच धरून चालत. खरं सांगायचं तर माझ्या घरीही हेच झालं होतं. माझे वडील न्हाणीत पडले आणि त्यानंतर पलंगावरून उठलेच नाहीत. चालता-बोलता माणूस एका पावसाळ्यात विझून गेला. तिचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं.

"आजी, तुम्ही उठणार," मी म्हणाले. "मी उठवणार."

तिने एक डोळा उघडला. "तू उठवनार? बघू मंग."

अलिबागला तिचं ऑपरेशन झालं. सळई घालून हाड सांधलं. दुसऱ्याच दिवशी तिला उभं करायचं म्हटल्यावर तिने जे तोंड सोडलं, ते ऐकून वॉर्डातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण ती उभी राहिली. वाडीत परतल्यावर ड्युटी संपली की मी रोज तिच्या अंगणात जायचे. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने दीर, आणि मधे शिव्या देत चालणारी आये. पाय उचलायचा, टाच टेकवायची, पुन्हा उचलायचा. कधी दुखण्याने तिचे ओठ पांढरे पडत. मी म्हणायचे, "आज राहू दे." ती म्हणायची, "का? तू दमलीस?"

शिमग्याला भट्टीवरची माणसं गावी आली. होळीभोवती आये वॉकर धरून फिरली तेव्हा तिच्या मुलाने तोंड फिरवून डोळे पुसले. त्याच आठवड्यात, सगळे घरी असताना, मी समाजमंदिरात बैठक बोलावली. आये आणि मी मिळून ठरवलं होतं की नुसतं भाषण करायचं नाही. मी विचारायचं आणि लोकांनी बोलायचं.

"कोण कोण पडलंय?" मी विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग आये म्हणाली, "लाजता कशाला? मी पडले. तुमी बी पडलाव. मला म्हाईत हाय."

तेव्हा कुठे एक म्हातारी हळूच बोलली. ती घरात उंबऱ्याला अडखळून पडली होती. डोक्याला टेंगूळ आलं, तर पदराखाली लपवलं. का? "सांगितलं तर पोरं मला रानात जाऊ देनार न्हाईत. कोपऱ्यात बसवून ठेवतील."

तिच्या शेजारी बसलेला तिचाच मुलगा चमकून तिच्याकडे बघत राहिला. त्या एका वाक्याने बैठकीची कुलपं निघाली. पाठोपाठ सगळेच बोलू लागले. कोणी संडासाच्या गुळगुळीत लादीवर, कोणी शेळीच्या दाव्यात पाय अडकून. एका आजोबांना सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की भोवंड यायची, पण गोळी सरकारी म्हणून विचारायचं कसं, असं त्यांना वाटत होतं. बैठक उठली आणि आम्ही सगळे मिळून वाडीभर फिरलो. जो जिथे पडला तिथे त्याने उभं राहायचं. उतारावर पोचलो तेव्हा बहुतेक म्हातारी माणसं तिथेच उभी राहिली.

मग कामाला हात घातला. तरण्या माणसांनी भट्टीवर परत जाण्याआधी उतारावरच्या जांभ्याला टाकीचे घाव घालून रुंद पायऱ्या काढल्या. पायरीची उंची किती हवी ते म्हाताऱ्यांनी स्वतः पाय टाकून ठरवलं. धरायला कठडा हवा होता. लोखंडी नळ्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत. आयेला फळीवरून नेणाऱ्यांपैकी एक वयस्कर चाचा, आखातात नोकरी करून आलेले, आता दोन होड्यांचे मालक, होडीचा जाडजूड जुना दोर खांद्यावर टाकून वर आले.

"होडीत आम्ही यालाच धरून उभे राहतो," ते म्हणाले. "हातातून सुटत नाही. ओला झाला तरी."

मोहल्ल्यातल्या पोरांनी आणि वाडीतल्या माणसांनी मिळून खांब रोवले आणि तो दोर ताणून बांधला. गाठी चाचांनी स्वतः मारल्या. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

संडासाच्या लाद्यांचं काम पंचायतीकडे अडलं. आज बघू, उद्या बघू. शेवटी ग्रामसभेत आये वॉकर ठोकत पुढे गेली. "लादी तुमी बसवली, पडतो आमी. खरबरीत करून द्या, न्हायतर मी हितंच बसते." तिथे हशा झाला, पण तिने खरंच बसकण मारली. सिमेंट आलं. गोळीचं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी आजोबांना तपासून मात्रा कमी केली. मोतीबिंदू असलेल्यांना शिबिराला नेलं, त्यातले दोघे भीतीने अर्ध्या वाटेतून परत आले. त्यांना पुढच्या खेपेला आये घेऊन गेली.

पडायचं थांबलं का? नाही. म्हणून आम्ही पडल्यावर उठायचं कसं तेही शिकू लागलो. घोंगडी अंथरायची, तिच्यावर आडवं व्हायचं, कुशीवर वळायचं, गुडघे टेकायचे, खांब धरून वर यायचं. पहिल्या दिवशी सगळे इतके हसले की कोणालाच उठता येईना. आणि सकाळी एका घरातून दुसऱ्या घरी हाळी द्यायची असं ठरलं. ओ आली नाही तर जाऊन बघायचं.

ऐन श्रावणात आयेने दिराला दिलेल्या हाळीला ओ आली नाही. आये काठी टेकत त्याच्या अंगणात गेली. तो चिखलाने माखलेला, पडवीच्या खांबाला टेकून बसलेला. घसरला होता.

"ओ का दिली न्हाय?" तिने दरडावलं.

"उठत होतो ना," तो धापा टाकत म्हणाला. "एका टायमाला एकच काम व्हतं."

मी तपासलं. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. चहा पितापिता त्याने कसं वळलो, कुठला गुडघा आधी टेकला, हे आम्हाला पुन्हापुन्हा सांगितलं.

यंदा हरिहरेश्वरच्या बाजूच्या एका वाडीतून बोलावणं आलं. आये आणि मी टमटममधून गेलो. तिथली माणसं अंगणात अवघडून बसली होती. त्यांच्यातला एक जाणता म्हणाला, "आमच्यात तसं कोनी पडत न्हाय, बाय."

मी काही बोलणार तोच आयेने माझ्या हातावर हात ठेवला. ती स्वतःबद्दलच बोलू लागली. विहीर, हंडा, ते ऊन, अंगावर चढणाऱ्या मुंग्या, आणि कोणी येईल की नाही ही धाकधूक. हे मुंग्यांचं तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या बाजूला बसलेल्या एका म्हातारीने बांगड्या वर सारल्या आणि वाकडं जुळलेलं मनगट पुढे केलं.

"ह्यो माजा हात," ती म्हणाली.

आये उठून तिच्याजवळ जाऊन बसली. "सांग," ती म्हणाली. "कुटं पडलीस?"