मासोळ्या काहीच म्हणत नाहीत

मासोळी मॅडम पाणी पिण्याआधी त्याचा वास घेत. कुणाच्याही घरी, कितीही तहान लागलेली असो, पेला आधी नाकाशी जाई आणि मग ओठांशी. घरची बाई ओशाळून विचारी, "काही पडलं का त्यात?" मॅडम म्हणत, "नाही वं. माठ नवा आहे ना? चांगला आहे," आणि घटाघटा पेला रिकामा करत. पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, हे आम्ही शाळेपासून पाठ केलेलं. एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला एका मुलाने ते बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "हे तुले कोणी सांगतलं? माणसानं. एकदा मासोळीले विचार."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. मूळच्या परतवाड्याच्या. शिकवायला सुरुवात इंग्रजीतून होई, पण विषयात जीव अडकला की गाडी मराठीवर येई आणि अगदी रंगात आल्या की सरळ वऱ्हाडीवर. आम्ही पाठीमागे त्यांना मासोळी मॅडम म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं, कारण एकदा फोनवर त्यांनीच सांगितलं, "हां, मासोळी मॅडम बोलून राहिली."

विभागाच्या मागच्या खोलीत त्यांच्या काचेच्या टाक्या होत्या. त्यांत बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, अंगावर निळे पट्टे असलेले झेब्रा मासे. परतवाड्याच्या पलीकडच्या ओढ्यांतून स्वतः गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी ते आणलेले. मादी नर निवडते तो कशावरून, हा त्यांचा प्रश्न. प्रत्येक जिवाच्या अंगात रोगाशी लढणारी जनुकं असतात, कुणाची एक तऱ्हेची, कुणाची दुसऱ्या. त्यांच्या खुणा अंगातून पाण्यात उतरतात. परदेशातल्या काही माशांच्या माद्या त्या वासावरून ओळखतात की हा नर आपल्यासारखाच आहे की वेगळा, आणि बहुधा फार सारख्याला टाळतात. आपल्या ओढ्यातल्या या पट्टेवाल्यांचं काय? एवढ्या एका प्रश्नावर मॅडमनी कित्येक वर्षं आनंदात काढली होती.

मी त्यांच्या हाताखाली प्रकल्प करायला गेले तेव्हा मला यातलं काहीच नीट कळलं नव्हतं. माझे बाबा पातूरला झेंडू, शेवंती आणि भाजीपाला पिकवतात. मॅडमनी विचारलं, "तुमच्या गावाकडचे लोक वावरात नुसता कापूसच लावतात का?"

"नाही. मधे तुरीची ओळ असते."

"काहून?"

"कापसावर रोग पडला तर तूर तरी हाती लागते."

"झालं. मासोळीही तेच करून राहिली. लेकराच्या अंगात दोन तऱ्हेचं बी पडलं पाहिजे." मग लगेच बोट उगारून म्हणाल्या, "पण हे समजण्यापुरतं. परीक्षेत कापूस लिहिशील तर शून्य देईन."

प्रयोग साधा होता. एका लांबट टाकीच्या दोन कोपऱ्यांत दोन नरांच्या टाक्यांमधलं पाणी थेंब थेंब सोडायचं. नर दिसत नाहीत, फक्त त्यांचं पाणी येतं. मादी कोणत्या बाजूला जास्त वेळ थांबते ते बघत बसायचं. नर-माद्या दोघांच्याही शेपटीचा इवलासा तुकडा बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाई आणि जनुकांचा हिशेब तिकडून येई. आमच्याकडे एक भला थोरला, चकचकीत पट्ट्यांचा नर होता. पोरांनी त्याचं नाव हिरो ठेवलं होतं. सगळ्या माद्या याच्याच बाजूला जाणार अशी त्यांची खात्री. पहिल्याच मादीने हिरोच्या पाण्यात एक फेरी मारली आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका मरतुकड्या नराच्या पाण्यात जाऊन बसली. पोरांचे चेहरे पडले. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

त्या उन्हाळ्यात मात्र प्रयोग अडला. माद्या निवडच करेनात. टाकीच्या मध्यावर नुसत्या उभ्या राहत. बाहेर अमरावतीचं मे महिन्याचं ऊन, आत कूलरचा खडखडाट, खिडक्यांना ओली गोणपाटं. आम्हाला वाटलं, उष्म्याने सुस्तावल्या असतील. मॅडमनी टाकीवर वाकून वास घेतला. मग हौदाचा घेतला. मग कोपऱ्यातली निळी बादली उचलून नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "फिनाईल." फरशी पुसायची बादली आणि टाकीत पाणी ओतायची बादली एकच झाली होती. त्यांनी कुणाला शब्दानेही दुखावलं नाही. दुपारीच बाजारातून लाल बादली आणून तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'माशांची' असं लिहिलं. महिन्याभरात माद्या पुन्हा निवडू लागल्या.

गंमत म्हणजे मॅडमच्या यजमानांना वासच येत नसे. जुनी सर्दी. ते बँकेतून निवृत्त झालेले, स्वयंपाकाची भारी हौस, आणि फोडणी करपली तरी त्यांना पत्ता लागत नसे. मॅडम म्हणत, "आमच्या घरी एकाले लय वास येते, एकाले मुळीच येत नाही. संसार चांगला चालला आहे."

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत आत्याने माझा हात मागितला, तिच्या मुलासाठी. मामाची मुलगी करायची हे आमच्याकडे रीतीचंच. आतेभाऊ वाईट नव्हता. अकोल्यात त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. पण लहानपणापासून मी त्याला दादा म्हणत आले, राखी बांधत आले. आणि मला पुढे शिकायचं होतं. बाबांचा एकुलत्या एक बहिणीवर फार जीव. तिला नाही म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, आणि बाबांना नाही म्हणणं मला.

मला वाटलं, उपाय तर आपल्या टाकीतच आहे. मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही घरी येऊन सांगा ना, की शास्त्रात असं लग्न बसत नाही. मासेसुद्धा नात्यातला नर टाळतात. तुमचं बाबा ऐकतील."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "नात्यातल्या लग्नात लेकरांना काय धोके असतात ते डॉक्टर सांगतील, आणि ते खरे आहेत. पण तुझं कारण ते आहे का?"

मी टाकीच्या काचेवरचा डाग पुसू लागले.

"उद्या तुझ्या बाबांनी नात्याबाहेरचा पोरगा आणला, अन् तोही तुले नको असला, तर तेव्हा कोणती मासोळी पुढे करशील? मासोळीले जीभ नाही म्हणून बिचारी पोहून सांगते. तुले जीभ आहे." मग म्हणाल्या, "येईन मी. पण बोलायचं तू."

आल्याही. अकोल्याला बस बदलून भर दुपारी पातूरला उतरल्या. आत्या आलेलीच होती. जेवणं झाली, वांग्याच्या भाजीचं कौतुक झालं, मळ्यातली शेवंती बघून झाली. मग ओसरीवर बसल्यावर बाबांनी स्वतःच विषय काढला. "मॅडम, पोरगी सांगते तुम्ही मासोळ्यांच्या सोयरिकी पाहता. या सोयरिकीबद्दल काय म्हणतात तुमच्या मासोळ्या?"

"मासोळ्या काहीच म्हणत नाहीत, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पोरगी काय म्हणते, विचारलं का?"

आत्या म्हणाली, "पोरीले काय विचारायचं त्याच्यात? घरचंच तर आहे."

"घरचंच आहे म्हणून तर विचारायले सोपं आहे, ताई."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मॅडम मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आत्या, मी दादाले राखी बांधते. मले हे लग्न नाही करायचं. मले शिकायचं आहे."

बाबा खाली मान घालून बसले. आत्या उठून आत निघून गेली. तिच्या मागोमाग मॅडमही स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या तेव्हा आत्याचे डोळे लाल होते आणि हातात चहाचा ट्रे होता. जाताना बसस्टँडवर मी विचारलं, "काय बोललात तिच्याशी?" मॅडम म्हणाल्या, "चहात अद्रक टाकू का म्हणून विचारलं." त्याहून जास्त त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आत्यानेही नाही.

आत्या वर्षभर रुसली. बाबांनी मात्र त्या दिवसानंतर माझ्या शिक्षणाबद्दल एकदाही कुरकूर केली नाही. आणि आठवड्याभरात दादाचा फोन आला. "बरं केलं तू. मलेही बोलता येत नव्हतं." पुढे त्याचं लग्न पसंतीने झालं, आणि त्या मांडवात आत्याने सगळ्यांसमोर मला जवळ घेतलं.

मॅडमचं संशोधन पूर्ण झालं. बहुतेक माद्यांनी फार सारख्या नराला टाळलं होतं, पण फार वेगळ्याकडेही त्या धावल्या नव्हत्या. काहींनी तर कोणताच नियम पाळला नव्हता. मी म्हटलं, या काही माद्यांमुळे निष्कर्ष कमजोर दिसतो. "दिसू दे," त्या म्हणाल्या. "त्याही आपल्याच टाकीतल्या आहेत." आणि त्या माद्यांसकट सगळं जसंच्या तसं लिहिलं.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. लेक पुण्याला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. टाकीत वाढलेले मासे ओढ्यात सोडू नयेत, तिथल्या माशांना आपल्याकडचा रोग जाईल, म्हणून त्यांनी ते जवळच्या कॉलेजांत वाटून टाकले. मी आता अकोल्यात शिकवते. एक टाकी माझ्याकडे आली.

त्यांना गाडीत बसवून द्यायला मी बडनेरा स्टेशनवर गेले होते. त्यांचे यजमान डब्यात सामान लावत होते, मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते. पातूरच्या ओसरीचं, शिक्षणाचं, माझ्या सगळ्या पुढच्या आयुष्याचं. गाडीने शिटी दिली आणि मला फक्त रडू आलं.

मॅडमनी गजातून हात बाहेर काढून माझा हात धरला. "दर शनिवारी पाणी बदलत जा," त्या म्हणाल्या. "पण अर्धंच. सगळं नवं पाणी त्यायले झेपत नाही. अर्धं जुनं राहू देजो."

गाडी हलली. मी सोबत दोन पावलं चालले आणि जोरात म्हटलं, "हो मॅडम, अर्धंच."